आयबीडी आणि हार्मोन रिसेप्टर : प्रेडनिसोलोनच्या पुढे काय?

शेवंती

ज्या घरात आयबीडीचा, म्हणजे आतड्याला वारंवार सूज येणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स या आजारांचा रुग्ण आहे, तिथे प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचं नाव लहान पोरालाही पाठ असतं. आजाराने उचल खाल्ली की ४० मिलिग्रॅमपासून सुरुवात, मग दर आठवड्याला पाचपाचने उतरवत न्यायचं. काही दिवसांत रक्त थांबतं, भूक परत येते. मग गाल वर येतात, झोप उडते, साखर चढते आणि माणूस कारण नसताना घरच्यांवर ओरडायला लागतो. माझ्या धाकट्या भावाला कोलायटिस आहे आणि मी औषधशास्त्र शिकवते, त्यामुळे हा विषय घरीही असतो आणि वर्गातही. सध्या "हार्मोनने आतड्याची सूज बरी" अशा मथळ्याचे संदेश गटागटांत फिरतायत. त्यात थोडं खरं आहे, बरंच अर्धवट आहे. इथे आयबीडीचे बरेच जण वाचतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. हार्मोन रिसेप्टरवर, म्हणजे हार्मोन ज्याला चिकटून पेशीला संदेश देतं त्या प्रथिनावर, काम करणारी औषधं आपण आजही घेतोय. स्टिरॉइड तर उघडच, पण मेसालामाइन हे कोलायटिसचं नेहमीचं औषधसुद्धा. असा रिसेप्टर शरीरभर असतो आणि औषधाला आतड्यापुरतं थांबवता येत नाही, ही खरी अडचण. या क्षेत्रातलं मला मोलाचं वाटणारं बहुतेक काम याच अडचणीशी झुंजतंय.

कॉर्टिसोनपासून सुरू करू. अॅड्रिनल ग्रंथीच्या हार्मोनवरच्या कामासाठी केंडॉल, हेंच आणि राइशस्टाइन यांना १९५० चं नोबेल मिळालं. पाचच वर्षांनी, १९५५ मध्ये, ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी कोलायटिसच्या २१० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, एकाला कॉर्टिसोन, दुसऱ्याला खोटं औषध. सहा आठवड्यांनी कॉर्टिसोनच्या गटात सुमारे ४१ टक्के लोकांचा आजार शांत झाला होता, दुसऱ्या गटात १६ टक्क्यांचा. त्या काळी कोलायटिसचा जोरदार झटका आला की माणूस दगावणं नवलाचं नव्हतं. स्टिरॉइडला शिव्या घालताना हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

ते काम कसं करतं? गोळीतलं प्रेडनिसोलोन पेशीच्या पातळ आवरणातून थेट आत शिरतं. आत ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर नावाचं प्रथिन दुसऱ्या एका प्रथिनाला धरून निष्क्रिय बसलेलं असतं. स्टिरॉइड चिकटलं की ते मोकळं होतं, पेशीच्या केंद्रकात जातं आणि डीएनएवर दोन प्रकारची कामं करतं. सूज शमवणारी काही जनुकं चालू करतं आणि एनएफ-कॅपा-बी नावाच्या, सूज पेटवणाऱ्या यंत्रणेला दाबून टाकतं. आता हाच रिसेप्टर हाडात आहे, डोळ्यात आहे, यकृतात आहे, मेंदूत आहे. म्हणून हाडं ठिसूळ, मोतीबिंदू, साखर, निद्रानाश. एका खोलीत उजेड हवा म्हणून अख्ख्या गावाचे दिवे लावल्यासारखं होतं हे.

इथे मला या विषयातली सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट येते. आतडं स्वतःचं स्टिरॉइड स्वतः बनवतं. २००४ मध्ये उंदरांवरच्या कामातून हे पुढे आलं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींकडे कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसोलच्या जातीचं हार्मोन तयार करणारी एन्झाइम्स असतात, आणि शरीराच्या बचावपेशी चेकाळल्या की ती कामाला लागतात. म्हणजे सूज सुरू झाली की आतडं तिथल्या तिथे, लागेल तेवढं स्टिरॉइड सोडतं. या व्यवस्थेचा मुकादम म्हणजे एलआरएच-१ नावाचा रिसेप्टर, हाही हार्मोन रिसेप्टरच्याच घराण्यातला. २००७ च्या एका अभ्यासात ज्या उंदरांच्या आतड्यात हा रिसेप्टर नव्हता, त्यांना कोलायटिस जास्त तीव्र झाला. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गटाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या चिमुकल्या प्रतिकृतींवर दाखवलं की एलआरएच-१ वाढवला तर सूज आणणाऱ्या रसायनांच्या माऱ्यातही अस्तराच्या पेशी तग धरतात. माणसांच्या जनुकीय पाहणीतसुद्धा या रिसेप्टरच्या जनुकाजवळचा भाग आयबीडीशी जोडलेला आढळलाय. या रिसेप्टरला चालना देणारे रेणू अजून प्रयोगशाळेतच आहेत, दुकानात काही नाही. पण बाहेरून शरीरभर स्टिरॉइड ओतण्यापेक्षा आतड्यालाच त्याचं स्वतःचं स्टिरॉइड बनवायला लावायचं, ही कल्पना मला फार पटते.

आता मेसालामाइन. त्याआधी सल्फासलाझिन होतं, स्वीडनच्या डॉ. नान्ना स्वार्ट्झ यांनी १९४० च्या सुमारास संधिवातासाठी आणलेलं. कोलायटिसवर ते चालतं हे तेव्हाच दिसलं, पण त्यातला कामाचा भाग कोणता हे १९७७ मध्ये कळलं. त्याच ट्रूलव्ह यांच्याबरोबर ऑक्सफर्डला काम करणारे बांगलादेशचे डॉ. आझाद खान यांनी त्या रेणूचे दोन तुकडे वेगवेगळे एनिमातून देऊन पाहिले. गुण ५-एएसए या तुकड्याचा निघाला, म्हणजेच आपलं मेसालामाइन. तो गुण कशाने येतो, याचं मोठं उत्तर २००५ मध्ये फ्रान्समधल्या लिल शहरातल्या गटाने दिलं: पीपीएआर-गॅमा. हा रिसेप्टर मोठ्या आतड्याच्या अस्तरात भरपूर असतो आणि चालू झाला की सूज दाबतो. ज्या उंदरांत हा रिसेप्टर निम्माच होता, त्यांना मेसालामाइनचा उपयोग होईना. कोलायटिसच्या रुग्णांच्या अस्तरात तो कमी असतो, हेही याच संशोधकांनी आधी दाखवलं होतं.

यातून एक रोजच्या अनुभवाची गोष्ट उलगडते. मेसालामाइन या रिसेप्टरला फार सैलसर चिकटतं, त्यामुळे आतड्याच्या आतल्या बाजूला ते खूप जास्त प्रमाणात असावं लागतं. म्हणून गोळ्या एवढ्या मोठ्या, म्हणून दिवसाला २.४ ते ४.८ ग्रॅमचा डोस, आणि म्हणून आजार गुदाशयाजवळ असेल तर रात्री डाव्या कुशीवर झोपून घेतलेला एनिमा तोंडाने घेतलेल्या गोळीपेक्षा भारी ठरतो.

बाकी रिसेप्टरबद्दल (इस्ट्रोजेन, ड जीवनसत्त्व, जीएलपी) कोणी विचारलं तर पुढे लिहीन. आधी एवढ्यावर बोलू.

रानवाट

ताई, धागा वाचून प्रथमच कळलं की मेसालामाइनचा हार्मोनच्या बाबतीत काही संबंध आहे. मला कोलायटिस आहे, डाव्या बाजूचा. दोन शंका आहेत.

एक, शौचातून कधीकधी अख्खी गोळी पडल्यासारखी दिसते. लालसर तपकिरी, जशीच्या तशी. औषध अंगाला लागतंय की वाया जातंय?

दुसरी जास्त काळजीची. प्रेडनिसोलोन १५ च्या खाली आलं की माझं रक्त पुन्हा सुरू होतं. डॉक्टर म्हणतात अॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) घ्या किंवा बायोलॉजिक (सुजेच्या ठरावीक रसायनांना अडवणारी नवी औषधं). मला वाटतं १० मिलिग्रॅम कायमचं घेतलं तर काय बिघडलं? स्वस्त आहे, सवयीचं आहे.

शेवंती

रानवाटदादा, पडलेली गोळी दाबून बघा, बहुतेक वेळा नुसतं टरफल असतं. त्या आवरणाला लहान आतड्याच्या शेवटापर्यंत विरघळायचंच नसतं. तिथे आम्लता कमी झाली की ते फुटतं, औषध बाहेर पडतं आणि रिकामं कवच पुढे सरकतं. आतली पांढरी भुकटी शाबूत असेल आणि हे वारंवार होत असेल तर मात्र डॉक्टरांना सांगा, ते दुसऱ्या बनावटीची गोळी किंवा सॅशेतले दाणे देतील. गोळी कधीही तोडून किंवा चावून खाऊ नका, आवरण तुटलं की औषध वरच शोषलं जातं.

दुसऱ्या शंकेवर मात्र ठाम सांगते: १० मिलिग्रॅम कायमचं, हा मार्ग नको. स्टिरॉइड आग विझवतं, पण पुन्हा लागू नये म्हणून त्याचा उपयोग नाही, हे जुन्या चाचण्यांतच दिसलंय. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका जिल्ह्यातल्या रुग्णांचा आढावा २००१ मध्ये आला होता. स्टिरॉइड सुरू केलेल्या कोलायटिसच्या रुग्णांपैकी वर्षभराने ४९ टक्के ठीक होते, २२ टक्के तुमच्यासारखे त्यावर अवलंबून होते आणि २९ टक्क्यांचं ऑपरेशन झालं होतं. बायोलॉजिक येण्याआधीचे हे आकडे आहेत. आज त्या २२ टक्क्यांसाठी बरेच रस्ते आहेत आणि तुमचे डॉक्टर तेच सुचवतायत.

काहींच्या बाबतीत स्टिरॉइड लागूच पडत नाही, त्याचंही एक कारण रिसेप्टरमध्ये आहे. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरचा बीटा नावाचा एक भाऊबंद असतो. तो स्टिरॉइडला चिकटत नाही, उलट मूळ रिसेप्टरच्या कामात आडवा येतो. स्टिरॉइड न मानणाऱ्या कोलायटिसच्या रुग्णांत तो जास्त आढळलाय.

आणि बुडेसोनाइडबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. तेही त्याच रिसेप्टरवर जातं, पण आतड्यातून शोषलं गेल्यावर त्यातलं सुमारे ९० टक्के यकृतातच मोडलं जातं, शरीरभर फार थोडं पोचतं. कॅप्सूल उघडली तर आत साबुदाण्यापेक्षा बारीक गोळे दिसतात, ते लहान आतड्याच्या शेवटी विरघळणारे असतात. तो प्रकार क्रोन्ससाठी. कोलायटिसला मोठ्या आतड्यात हळूहळू सुटणारी वेगळी ९ मिलिग्रॅमची गोळी असते. नाव एक असलं तरी दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत, दुकानातून घेताना बघून घ्या. जोरदार झटक्यात बुडेसोनाइड पुरं पडत नाही, हेही सांगून ठेवते.

डॉ_गिरणाकाठ

धागा उत्तम. मी जळगावकडे फिजिशियन आहे, एक भर घालतो, कारण आपल्याकडे ती जीवावर बेतणारी आहे.

परदेशी लेखांत "क्रोन्सचं निदान झालं, स्टिरॉइड सुरू केलं" असं सरळ असतं. आपल्याकडे आतड्याचा टीबी हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. दोन्हींत लहान आतड्याचं शेवटचं टोक धरतं, दोन्हींत वजन उतरतं, ताप येतो, आतडं अरुंद होतं, बायोप्सीत दोन्हींत ग्रॅन्युलोमा (बचावपेशींच्या बारीक गाठी) दिसू शकतात. टीबी असताना स्टिरॉइड दिलं तर जंतूला रान मोकळं मिळतं. म्हणून कित्येकदा आधी टीबीची औषधं देऊन दुर्बिणीने पुन्हा बघावं लागतं की जखमा भरल्या का. नातेवाईक चिडतात की डॉक्टरला निदानच जमेना. कृपया तेवढी सवड द्या. बायोलॉजिकच्या आधी छातीचा एक्सरे आणि दबलेल्या टीबीची तपासणीही याच कारणासाठी.

तेव्हा शेजारच्याच्या उरलेल्या प्रेडनिसोलोनच्या पट्टीवर कुणीही उपचार सुरू करू नका. हे मी रोज बघतो.

अबोली

शेवंतीताई, इस्ट्रोजेनबद्दल लिहा ना. मला क्रोन्स आहे, पाळीच्या आधी पोट हमखास बिघडतं. लग्नाला वर्ष झालंय, सध्या मूल नको म्हणून गर्भनिरोधक गोळ्यांचा विचार चाललाय. सासूबाई म्हणतात आजार असताना असलं काही घेऊ नकोस, आणि नेटवर एका ठिकाणी वाचलं की इस्ट्रोजेनने आतड्याची सूज कमी होते. नेमकं काय?

शेवंती

अबोली, दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर आहेत, त्याचं कारण इस्ट्रोजेनचे रिसेप्टर मुख्यतः दोन आहेत, अल्फा आणि बीटा. मोठ्या आतड्याच्या अस्तरात बीटाचं राज्य असतं. तो पेशींमधले सांधे घट्ट ठेवायला मदत करतो, म्हणजे आतड्यातले जंतू भिंत ओलांडून आत येत नाहीत. आजार पेटलेला असताना रुग्णांच्या अस्तरात हा बीटा कमी झालेला दिसतो. फक्त बीटालाच चालना देणारे रेणू उंदरांना दिले तर कोलायटिस सौम्य होतो. तू वाचलंस ते हे असणार.

पण गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन दोन्ही रिसेप्टरवर जातं, यकृतावर जातं, रक्त गोठण्यावर जातं. अमेरिकेतल्या नर्सेस हेल्थ स्टडीत दोन लाखांहून जास्त स्त्रियांना वर्षानुवर्षं पाहिलं गेलं. २०१३ च्या अहवालात गोळ्या चालू असलेल्यांत क्रोन्स होण्याचा धोका जवळजवळ २.८ पट दिसला. मुळात आजार विरळा, त्यामुळे कुणा एकीसाठी तो धोका लहानच राहतो, आणि हा आकडा आजार *होण्याचा* आहे, झालेला आजार वाढण्याचा नव्हे.

तुझ्यासाठी महत्त्वाचं दुसरंच. आयबीडी पेटलेला असताना पायातल्या शिरेत गुठळी होण्याचा धोका आधीच वाढलेला असतो आणि इस्ट्रोजेन त्यात भर घालतं. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना आजाराचं नाव स्पष्ट सांग. फक्त प्रोजेस्टेरॉनचे पर्याय आहेत, तांबी आहे. लहान आतडं बरंच धरलेलं असेल किंवा त्याचा तुकडा काढलेला असेल तर गोळी नीट शोषली जाईलच असं नाही, तेही विचार. पाळीच्या आधी पोट बिघडणं तुझ्या एकटीचं नाही, खूप बायकांना होतं. प्रत्येक वेळी तो झटका असतोच असं नाही. शंका आली तर शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी कर, सूज खरंच वाढलीय का ते त्यातून कळतं.

आणि पुढे मूल हवं असेल तेव्हा आजार शांत असताना दिवस राहू देणं सगळ्यात चांगलं. सासूबाईंना हेही सांग की गरोदरपणात औषधं आपल्या मनाने बंद करणं हेच बाळाला जास्त घातक ठरतं. मेथोट्रेक्सेटसारखी मोजकी औषधं मात्र आधीपासून थांबवावी लागतात, म्हणून ठरवाल तेव्हा आधी डॉक्टरांकडे जा.

अबोली

ताई, मनापासून धन्यवाद. तांबीचं विचारते. कॅलप्रोटेक्टिन गेल्या वर्षी केली होती, परत करून घेते.

पिंपळपान

ड जीवनसत्त्व म्हणजेही हार्मोनच ना? माझं ९ आलं होतं. डॉक्टरांनी साठ हजाराची पुडी दिली, आठवड्याला एक. क्रोन्सला त्याने फरक पडतो का? आणि हळद? आमच्याकडे आजी रोज दुधातून देते.

डॉ_गिरणाकाठ

हो, ड जीवनसत्त्वाचा रिसेप्टर स्टिरॉइडच्या रिसेप्टरचा सख्खा नातलग आहे. तोही केंद्रकात बसून जनुकं हलवतो. आतड्याच्या अस्तरात तो जंतू मारणारी नैसर्गिक प्रथिनं वाढवतो आणि सांधे घट्ट ठेवतो. म्हणजे कागदावर सगळं छान जुळतं.

चाचण्यांत चित्र तितकं ठळक नाही. २०१० मध्ये डेन्मार्कमध्ये क्रोन्स शांत असलेल्या ९४ लोकांवर चाचणी झाली, रोज १२०० युनिट ड३ विरुद्ध खोटी गोळी. वर्षभरात ड३ घेणाऱ्यांत १३ टक्क्यांचा आजार उलटला, दुसऱ्या गटात २९ टक्क्यांचा. ऐकायला मोठा फरक, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात कमी पडला. माझं धोरण साधं आहे: कमी असेल तर भरून काढायचं, कारण स्टिरॉइड घेणाऱ्याच्या हाडांना ते हवंच असतं. आजारावरचा उपचार म्हणून मात्र ते धरायचं नाही.

पुडीबद्दल हात जोडून विनंती. ती आठवड्याला एक असते. रोज एक समजून घेणारे माझ्याकडे दरवर्षी येतात. रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या, बद्धकोष्ठता, भ्रम, किडनीला इजा, इथवर जातं. कोर्स संपला की परत तपासून घ्या.

हळदीचं दूध आजीने खुशाल द्यावं. दूध पचत असेल तर. जपानमध्ये २००६ साली कोलायटिसच्या ८९ रुग्णांवर कर्क्युमिनची, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकाची, चाचणी झाली, मेसालामाइन किंवा सल्फासलाझिन चालू ठेवून वर रोज २ ग्रॅम. सहा महिन्यांत आजार उलटण्याचं प्रमाण कमी झालं. पण २ ग्रॅम कर्क्युमिन दुधातल्या चिमूटभर हळदीतून मिळत नाही, आणि मिरीचा अर्क घातलेल्या तीव्र कॅप्सूलने यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत.

मायलेक

मुलगा सातवीत आहे, क्रोन्सचं निदान झालंय. वर्गात सगळ्यात बुटका. टीबी नाही याची खात्री झालीय. इथे कुणी सांगितलं की ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं क्रोन्सलाही चालतात आणि उंचीलाही. खरं आहे का? रात्र रात्र हेच शोधत बसते.

डॉ_गिरणाकाठ

ताई, तुमची काळजी समजते. ऐकलेल्या गोष्टीला आधार आहे. २००० साली अमेरिकेत क्रोन्सच्या ३७ प्रौढांवर ग्रोथ हार्मोनची चार महिन्यांची चाचणी झाली. आजाराच्या तीव्रतेचे गुण हार्मोन घेणाऱ्यांत सरासरी १४३ ने उतरले, दुसऱ्या गटात १९ ने. पण ती लहान चाचणी होती, प्रौढांवर होती, आणि तो उपचार प्रचलित झालेला नाही.

मुलाची उंची का थांबते ते समजून घ्या. आतड्यातल्या सुजेतून निघणारी रसायनं यकृतात ग्रोथ हार्मोनचा संदेश अडवतात, त्यामुळे हार्मोन असूनही हाडं वाढवणारा आयजीएफ-१ कमी बनतो. वरून स्टिरॉइड दिलं की तेही उंची रोखतं. म्हणजे सूज स्टिरॉइडशिवाय उतरवणं हाच उंचीवरचा मुख्य उपाय. म्हणून मुलांच्या क्रोन्सला बहुतेक वेळा पहिली पसंती औषधाला नसते, पातळ पोषक आहाराला असते: सहा ते आठ आठवडे पूर्ण पोषण फक्त त्या पेयातून, पोळी-भाजी बंद. बऱ्याच मुलांचा आजार याने स्टिरॉइडइतकाच शांत होतो. पोराला कठीण जातं, घरातल्यांनाही. लहान मुलांच्या पोटाच्या तज्ज्ञांना आणि आहारतज्ज्ञांना याबद्दल थेट विचारा. वयात येण्याआधीचा काळ मोलाचा असतो, त्यामुळे भेट लांबवू नका.

मायलेक

डॉक्टर, हे कुणीच सांगितलं नव्हतं. याच आठवड्यात भेट घेते.

वाळवंटातला_केवडा

दुबईहून. मला मधुमेह आणि कोलायटिस दोन्ही. इथे निम्मं ऑफिस सेमाग्लुटाइडवर आहे. माझ्या डॉक्टरांनीही सुचवलंय साखरेसाठी. कोलायटिसवर त्याचा परिणाम चांगला की वाईट?

शेवंती

केवडा, सेमाग्लुटाइड जीएलपी-१ या हार्मोनच्या रिसेप्टरवर काम करतं, आणि हा सध्याचा सगळ्यात चर्चेतला रिसेप्टर. लहान आतड्याच्या शेवटी आणि मोठ्या आतड्यात एल-पेशी नावाच्या पेशी असतात. जेवण झालं की त्या जीएलपी-१ आणि जीएलपी-२ अशी दोन हार्मोन एकाच वेळी सोडतात. वर लिहिलेल्या रिसेप्टरसारखे यांचे रिसेप्टर केंद्रकात नसतात, पेशीच्या पृष्ठभागावर असतात.

जीएलपी-१ चा रिसेप्टर आतड्याच्या अस्तरातल्या काही बचावपेशींवरही आहे आणि तो चालू केला की त्या सूज आणणारी रसायनं कमी सोडतात, हे उंदरांत दिसलंय. माणसांबद्दल डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवरून २०२१ मध्ये एक अभ्यास आला. मधुमेह आणि आयबीडी दोन्ही असलेले ३७५१ लोक. जीएलपी-१ च्या वाटेची औषधं घेणाऱ्यांत स्टिरॉइड लागणं, बायोलॉजिक सुरू करावं लागणं, भरती, ऑपरेशन अशा घटना इतर मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांपेक्षा जवळपास निम्म्या होत्या. या गटात आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या ग्लिप्टिन गोळ्याही धरल्या होत्या. मात्र हा नोंदींचा अभ्यास आहे. कुणाला कोणतं औषध मिळालं ते चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं, त्यामुळे गुण औषधाचाच असं छातीठोक म्हणता येत नाही.

तुम्हाला मधुमेह आहेच आणि वजन जास्त असेल, तर कोलायटिस आहे म्हणून हे औषध टाळायचं कारण मला दिसत नाही. सुरुवातीच्या मळमळीला किंवा जुलाबाला झटका समजून घाबरू नका, आणि खऱ्या झटक्याला औषधाची मळमळ समजून अंगावरही काढू नका. रक्त दिसलं तर ते सेमाग्लुटाइडचं नव्हे. क्रोन्सवाल्यांनी जास्त जपायचं: आतडं अरुंद झालं असेल तर त्याची हालचाल मंदावणारं औषध अडथळा आणू शकतं, आणि आधीच खंगलेल्या माणसाची भूक मारणं तर चुकीचंच.

जीएलपी-२ ची गोष्ट मला जास्त आवडते, कारण ती औषधापर्यंत पोचली. टोरांटोच्या डॅनियल ड्रकर यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवलं की हे हार्मोन आतड्याचं अस्तर वाढवतं. पण शरीरात ते काही मिनिटांतच मोडतं. एका एन्झाइमची कात्री रेणूच्या ठरावीक जागी चालते, तिथलं एकच अमिनो आम्ल बदललं आणि टेडुग्लुटाइड तयार झालं. २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, ज्यांचं आतडं फार आखूड राहिलंय अशांसाठी. क्रोन्समध्ये पुन्हा पुन्हा ऑपरेशन होऊन काही जण याच अवस्थेला येतात आणि रात्रभर शिरेतून अन्न घ्यावं लागतं. २४ आठवड्यांच्या चाचणीत ६३ टक्के लोकांचं ते शिरेतलं पोषण निदान पाचव्या हिश्शाने कमी करता आलं, खोट्या औषधावर ३० टक्क्यांचं. पेशी वाढवणारं औषध असल्याने पॉलिप आणि कर्करोगासाठी दुर्बिणीची तपासणी आधी करावी लागते आणि पुढेही चालू ठेवावी लागते.

उलट उदाहरणही सांगायला हवं. पीपीएआर-गॅमावर मेसालामाइनपेक्षा कितीतरी घट्ट बसणारं रोसिग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषध होतं. २००८ मध्ये कोलायटिसच्या १०५ रुग्णांवर त्याची १२ आठवड्यांची चाचणी झाली. ४४ टक्क्यांना गुण आला, खोट्या औषधावर २३ टक्क्यांना. कल्पना बरोबर निघाली होती! पण हृदयावरच्या धोक्याची चर्चा २००७ पासून पेटलेली होती, आणि २०१० मध्ये युरोपात त्याची विक्री थांबली, भारतातही बंदी आली. रिसेप्टर अचूक होता, पण औषध अंगभर फिरत होतं. आता आतड्यातच राहणारे पीपीएआर-गॅमाचे रेणू शोधले जातायत ते याच अनुभवावरून.

रानवाट

सगळं वाचून मी अॅझाथायोप्रिनला तयार झालोय, डॉक्टरांशी बोललो. आता प्रेडनिसोलोन हळूहळू उतरवतील. मध्येच एक अक्कलदाढ काढायची आहे आणि पुढे हर्नियाचं ऑपरेशनही. स्टिरॉइडचं त्यांना सांगायला हवं का? संपवल्यावरही?

डॉ_गिरणाकाठ

हो, नक्की सांगा, आणि बंद केल्यानंतरही वर्षभर सांगत राहा. तुम्ही बाहेरून स्टिरॉइड घेत होतात तेव्हा मेंदूकडून अॅड्रिनल ग्रंथीला जाणारा हुकूम थांबलेला असतो आणि ग्रंथी सुस्तावते. ती पुन्हा जागी व्हायला कित्येक महिने लागू शकतात. ऑपरेशन, मोठा ताप, अपघात अशा वेळी शरीराला एरवीपेक्षा जास्त कॉर्टिसोल लागतं आणि ग्रंथी ते देऊ शकली नाही तर रक्तदाब कोसळतो.

दाढेच्या दिवशी नेहमीची गोळी चुकवू नका आणि दाताच्या डॉक्टरांना आधी कल्पना द्या. हर्नियाच्या वेळी भूलतज्ज्ञांना डोस आणि किती महिने घेतलं ते लिहून द्या, गरज वाटली तर ते हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन देतील. अॅझाथायोप्रिन सुरू करण्याआधी टीपीएमटी आणि एनयूडीटी-१५ (हे औषध शरीरात मोडणाऱ्या एन्झाइम्स) ची तपासणी होते का ते विचारा. आपल्या लोकांत दुसरी जास्त महत्त्वाची, त्यात दोष असेल तर पांढऱ्या पेशी झपाट्याने उतरतात. पहिल्या महिन्यांत रक्ततपासणी डॉक्टर सांगतील त्या तारखेला करायची, बरं वाटतंय म्हणून पुढे ढकलायची नाही. आणि डोस उतरवताना चक्कर, उलट्या, अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटलं तर सकाळची वाट न बघता फोन करा.